गावाला दोस्त, शाळेला अनोळखी: नववीतल्या भाच्याला काय सांगू?

उद्यमबागवाला

नमस्कार मंडळी. इथं वाचतो बरंच, लिहितो कमी. आज जरा अडलंय म्हणून धागा काढतोय.

मी बेळगावचा, अनगोळला राहतो, उद्यमबागेत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. जूनपासून बहिणीचा मुलगा आमच्याकडे शिकायला आलाय. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या अंगाला. पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही आणि मोबाईलला रेंज हवी तर टेकाडावर चढायचं, असला मुलूख. गावात सातवीपर्यंत सरकारी मराठी शाळा. आठवी त्यानं जवळच्या हायस्कूलला काढली. पोरगं गणितात हुशार, म्हणून दाजींनी नववीला इकडं पाठवलं, शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत.

याच गावचा, घराला घर लागून असलेला त्याचा एक दोस्त वर्षभर आधी याच शाळेत आला होता. वडगावला आत्याकडे राहतो. दाजींनी ही शाळा निवडली तीच मुळात त्या पोराच्या भरवशावर. "सोबत हाय की, मग कशाला काळजी?" असं म्हणाले होते.

शाळा सुरू झाली आणि सोबत संपली. एकाच वर्गात आहेत, पण दोस्त मधल्या बाकांवर त्याच्या ग्रुपमध्ये आणि आमचा शेवटच्या बाकावर खिडकीशी. यानं मराठीत हाक मारली की तो कन्नडमधून नाहीतर इंग्लिशमधून उत्तर देतो आणि निघून जातो. एकदा याच्या डब्यात बहिणीनं दिलेली सुकटाची चटणी होती. पोरांनी नाकं दाबली, त्यात तोही. लहानपणी दोघं एका ताटात हेच जेवलेत. तेव्हापासून डबा बंदच परत येतो. बायको धुवायला घेते तर भाकरीची घडीसुद्धा मोडलेली नसते.

इथपर्यंत मी समजू शकतो. पोरं बदलतात, नवी संगत लागते. खरा घोळ पुढं आहे. दसऱ्याची सुट्टी लागली (आमच्याकडे मोठी सुट्टी दसऱ्याची असते, महाराष्ट्रासारखी दिवाळीची नाही) आणि दोघं गावी गेले. मी सोनं लुटायला म्हणून गेलो होतो, बघतो तर दोघं ओढ्यात दगड उलथून खेकडे धरतायत! गळ्यात गळा. दोस्त याच्या घरी जेवला, सुकटच जेवला, वर मागून घेतलं. मला वाटलं, चला, मिटलं. सुट्टी संपली, शाळा भरली आणि ये रे माझ्या मागल्या. गेटवर समोरासमोर आले तर त्यानं मान वळवली.

रात्री मी विचारलं, तर पोरगं म्हणतंय, "मामा, गावाला त्यो माझा हाय. शाळेला न्हाई."

मला प्रश्न हा आहे की असली अर्धी दोस्ती त्यानं ठेवावी की तोडावी? आणि मी मध्ये पडावं का? कन्नडात घटक चाचणीला नापास झालाय, पण ते मी सांभाळीन. हे दुसरं कसं सांभाळायचं कळत नाही.

रानजाई

मी निपाणीची, आता पुण्यात. वाचून पोटात कालवलं.

अकरावीला पुण्यात आले तेव्हा मी "मी आलो, मी जातो" असंच बोलायचे. आमच्याकडे बायका-मुली सगळ्या असंच बोलतात. वर्गात हशा पिकायचा. पण हसणाऱ्यांचं मला काही वाटायचं नाही, ते परकेच होते. आमच्याच निपाणीची एक मुलगी त्या हशात सामील व्हायची, ते लागायचं. म्हणून सांगते, शाळा अवघड आहे, कन्नड अवघड आहे, हे सगळं नंतरचं. पोराचा माणूस गेलाय. माणूस जिवंत आहे, रोज समोर दिसतो, त्यामुळे सांत्वनालाही कुणी येत नाही.

तोडावी की ठेवावी हे तुम्ही ठरवू नका. एक मात्र विचारा त्याला: मधल्या सुट्टीत तू कुठं असतोस? उत्तरावरून बरंच कळेल.

सीमावासी

बेळगाव कर्नाटकाकडं (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेलं त्या १९५६ पासून हेच तर चाललंय! ८६५ गावांतल्या मराठी माणसाच्या पोराला स्वतःच्या मातीत परकं व्हावं लागतं. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, इकडं मराठी शाळांचे पट घसरतायत, बसच्या पाट्या वाचता येत नाहीत, पोरांना आपल्याच भाषेची लाज वाटायला लावतात. तुमच्या भाच्याचं दुखणं हे सीमाभागाचं दुखणं आहे. त्याला मराठी माध्यमात परत घाला आणि ताठ मानेनं जगायला शिकवा.

उद्यमबागवाला

साहेब, १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, निषेध म्हणून निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत मीही सायकल घेऊन चालत आलोय, त्यामुळे ते मला नवीन नाही. पण इथं दोन्ही पोरं मराठी. एका गावची, एका गल्लीतली. नाक दाबणारा कानडी असता तर मला राग तरी धरता आला असता.

@रानजाई, विचारलं. आधी "कुठं न्हाई" म्हणाला. मग म्हणाला, पाण्याच्या टाकीकडं. नळावर जाऊन बाटली भरतो, रिकामी करतो, परत भरतो. घंटा होईस्तोवर.

रानजाई

बाई गं.

फळाखडू

बेळगाव तालुक्यात हायस्कूलला शिकवतो, मराठी माध्यमात. बाटली भरणारी पोरं मी पाहिलीत. कुणी बाटली भरतो, कुणी सारखं पेन्सिलीला टोक काढतो, कुणी ग्रंथालयात त्याच त्या पुस्तकाची पानं उलटतो. हाताला काम असलं की माणूस एकटा दिसत नाही, एवढाच त्यामागं हिशेब. पोरगं आपली अब्रू सांभाळतंय. तेव्हा "बाटली का भरत बसतोस?" असं त्याला चुकूनही विचारू नका.

आता मध्ये पडण्याबद्दल. दोस्ताच्या आत्याला फोन करू नका. वर्गशिक्षकांना सांगून दोघांचा हात हातात द्यायला लावू नका. असली मिटवामिटवी आम्ही मास्तर लोक हौसेनं करतो आणि बाहेर व्हरांड्यात तिचा बदला निघतो. वर्गशिक्षकांना भेटा जरूर, पण त्या पोराचं नाव न काढता. दोनच गोष्टी मागा. एक, याची जागा शेवटच्या बाकावरून हलवा आणि शेजारी एखादा गरीब स्वभावाचा मुलगा द्या. दोन, गणितात याला फळ्याजवळ बोलवा. ज्यात पोरगं चांगलं आहे ते चारचौघांना दिसलं पाहिजे. नवीन पोराची ओळख वर्गात पहिल्यांदा ज्या गोष्टीनं होते ती चिकटते. याची सुकटानं झालीय, ती बदलायची.

सीमावासी, तुमच्या शाळांच्या दुखण्याशी मी सहमत आहे, रोज तेच बघतो. पण नववीच्या मध्यावर माध्यम बदलणं सोपं नाही. आठवीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेलं पोरगं आत्ता कुठं इंग्रजी शब्दांना सरावत असेल, त्याला पुन्हा उलटं फिरवायचं? बोलायचंच असेल तर भाषेच्या क्रमाबद्दल शाळेच्या ऑफिसात बोला. आमच्या एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, पहिली भाषा १२५ गुणांची आणि बाकीचे विषय १०० चे. कुठली भाषा कितव्या क्रमांकाला मिळते हे शाळेनुसार बदलतं, ते दहावीच्या आधी नीट समजून घ्या. शिवाय वर्षात एकापेक्षा जास्त वेळा परीक्षा होते, एखादा विषय राहिला तर वर्ष बुडत नाही. हे पोराला आत्ताच सांगा, अर्धी भीती त्यातच असते.

साधीमाणसं

डब्यात सुकट देऊच नका ना काही दिवस. चपाती-भाजी द्या. पोरांच्यात मिसळायचं तर थोडं जुळवून घ्यावं लागतं.

फळाखडू

पटलं नाही. घरून चपाती आली की पोरगं काय समजणार? घरच्यांनाही लाज वाटायला लागली, हेच ना? काय न्यायचं ते त्याला ठरवू दे.

चिक्कोडीकर

माझी भाषा कन्नड, आई कोल्हापूरकडची म्हणून मराठी लिहायला येतं. चुकलं तर सांभाळून घ्या.

त्या दुसऱ्या पोराबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तोही एक वर्षापूर्वी जंगलातल्या गावातून एकटाच आला असेल की. त्याला कुणी सोबत होतं का? त्याची पण खिल्ली झाली असणार. त्यानं वर्षभर घासून कन्नड शिकलं, ग्रुप मिळवला, आणि एक दिवस गावचा दोस्त वर्गात येऊन मोठ्यानं त्याला गावच्या नावानं हाक मारतो. त्याच्या पायाखालची फळी हलली. मी त्याला चांगला म्हणत नाही. घाबरलेला आहे एवढंच. गावात कुणी बघणारं नाही म्हणून तिथं तो खरा असतो.

कन्नडचं सांगतो. पुस्तकातलं कन्नड बेंगळुरू-म्हैसूरकडच्या वळणाचं आणि आमच्या रस्त्यावरचं धारवाडी, त्यामुळे बोलायला शिकला म्हणून पेपर सुटत नाही आणि पेपरापुरतं शिकला तर पोरांच्यात बोलता येत नाही. दोन्ही वेगळं धरा. बोलायचं दुकानात शिकतात. रोज त्यालाच दूध, कोथिंबीर आणायला पाठवा, जिथं दुकानदार कन्नड बोलतो. लिहायला मराठी मुलांना अडतं ते ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकवून लिहितात ते. काहींचा आकार मूळ अक्षरापेक्षा पार वेगळा असतो. ती एका कागदावर लिहून अभ्यासाच्या जागी चिकटवा. बाकी लिपी बसच्या पाट्या वाचत येते. आणि क्रिकेटची कन्नड कॉमेंट्री लावा, गंमत म्हणून.

उद्यमबागवाला

चिक्कोडीकर, तुमचं मराठी आमच्यापेक्षा बरं आहे. दुसऱ्या पोराचं तुम्ही म्हणता तसंच असणार. बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, पहिल्या दिवाळीला तो गावी आला तेव्हा परत जायला तयारच नव्हता, त्याच्या आईनं रडत रडत बसमध्ये बसवला होता. हे भाच्याला ठाऊक आहे. तरी त्याला राग आहे, आणि मला वाटतं तो असू दे. समोरच्याचं दुःख कळलं म्हणून आपला अपमान पुसला जात नाही.

पीयूसीफर्स्ट

मी १६ चा आहे, बेळगावातच पीयूसी (अकरावी-बारावी) करतो. काकालोक, तुम्ही छान लिहिताय, पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो आणि खरी शाळा तिथं भरते. तो त्या ग्रुपमध्ये आहे का? मामांच्या फोनवर असेल तर त्याला रात्रीचं काहीच कळत नसणार. दुसऱ्या दिवशी सगळे कशावर तरी हसतात आणि हा बघत बसतो. आणि ग्रुपमधून काढला असेल तर ते तुम्हाला तो कधीच सांगणार नाही.

दुसरं, प्लीज त्याला "नवीन मित्र कर" म्हणू नका. मला सगळे तेच म्हणायचे. मित्र काय रविवारच्या बाजारात मिळतात?

मला शेवटी शाळेबाहेरचे मित्र मिळाले, गल्लीतले. शाळेत तसाच एकटा होतो, पण संध्याकाळी कुणीतरी हाक मारणार हे माहीत असलं की दिवस निघतो.

उद्यमबागवाला

बाळा, तू म्हणालास म्हणून विचारलं. ग्रुपमध्ये होता, माझ्या जुन्या फोनवर. कुणीतरी सुकटाचा फोटो टाकून त्यावर याचं नाव लिहिलं होतं, तेव्हा यानंच ग्रुप सोडला. जुलैपासून हे त्याच्या पोटात होतं.

मनमोकळं

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे. आत्तापर्यंत इथं जे सुचवलं गेलंय ते बहुतेक योग्यच आहे, म्हणून फक्त राहिलेलं लिहिते.

डबा न खाणं तुम्ही शाळेपुरतं सांगितलंत. घरी जेवतो का? झोप कशी आहे? गणित अजून आवडतं का? उदासी, चिडचिड, झोप-भूक बिघडणं, आवडत्या गोष्टीतून मन उडणं हे दोन आठवड्यांच्या वर रोज दिसत असेल तर "वय आहे, निघून जाईल" म्हणू नका. आणि "मी नसलो तर बरं", "कुणाला फरक पडतो" असलं काही बोलला, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागला, तर सरळ विचारा: जीव द्यायचे विचार येतात का तुझ्या मनात? विचारल्यानं विचार डोक्यात भरतो ही भीती चुकीची आहे. उलट मूल सुटकेचा श्वास टाकतं.

टेली-मानस १४४१६ हा सरकारी फोन आहे, फुकट, चोवीस तास. मुलांसाठी १०९८ आहेच. मानसोपचारतज्ज्ञ लागलेच तर जिल्हा रुग्णालयात विचारा, आणि धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, डिमहान्स, तुम्हाला फार लांब नाही. लागेलच असं नाही, पण नंबर घरात असू दे.

उद्यमबागवाला

ताई, घरी जेवतो, दोन भाकऱ्या वर भात. झोपतो. शुक्रवारी रात्री मात्र खुलतो आणि रविवारी संध्याकाळी गप्प होतो. तुमचं वाचून बायकोनं त्याला सरळ विचारलं, मला धीर होत नव्हता. "न्हाई ओ मामी, तसलं काय न्हाई. मला नुस्तं गावाला जायाचं असतंय," म्हणाला आणि तिच्याजवळ बसून बराच वेळ बोलत राहिला. मला स्वयंपाकघरात यायला बंदी होती, त्यामुळे काय बोलला ते ठाऊक नाही. दोन्ही नंबर फ्रिजवर लावलेत.

सीमावासी

माझा आधीचा प्रतिसाद जरा भाषणाच्या चालीवर गेला. तरी शाळांचा मुद्दा मी सोडलेला नाही. बरं, गल्लीत दिवाळीचा किल्ला होतो का तुमच्या? अनगोळात पूर्वी जोरात व्हायचे. माती मळायला गावाकडचं पोरगं लागतंच.

चिक्कोडीकर

सीमावासी यांच्याशी पहिल्यांदाच सहमत.

उद्यमबागवाला

दिवाळी झाली, आता सवडीनं लिहितो.

आधी शाळेचं. वर्गशिक्षिकेला भेटलो, फळाखडू सरांनी सांगितलं तेवढंच मागितलं. बाईंनी जागा बदलली. शेजारी आता एक मुलगा आहे, तो स्वतःच फार बोलत नाही, त्यामुळे दोघांचं बरं चाललंय म्हणे. गणितात फळ्याजवळ बोलावलं तेव्हा पहिल्यांदा पाय थरथरले, उदाहरण सुटलं, वर्गात कुणी काही म्हणालं नाही. एवढंच. टाळ्याबिळ्या नाहीत. डबा अजून पूर्ण रिकामा येत नाही.

किल्ल्याचं खरं ठरलं. गल्लीतली पोरं राजहंसगड करायचा म्हणत होती, येळ्ळूरजवळचाच, सगळ्यांनी बघितलेला. आमचं येडं म्हणालं, भीमगड करूया. पोरांना नावच माहीत नव्हतं! खानापूरच्या जंगलात आहे, आता अभयारण्यात येतो, सहजासहजी जाता येत नाही. हाही वर गेलेला नाही, पण त्याचे आजोबा गुरं घेऊन त्या अंगाला जायचे, त्यांच्याकडून ऐकलेलं. त्यानं पोत्यावर लाल माती थापून सरळ कडे उभे केले, तासल्यासारखे, आणि पायथ्याला नाचणी पेरून जंगल उगवलं. बाकीचे हळीव आणणार होते. "हळीव जंगलासारखं दिसत न्हाई" म्हणून त्यांना परत पाठवलं. कडा दोनदा ढासळला तेव्हा त्यानं मातीत गवताचं काड चिरून घातलं, गावाकडं कुडाच्या भिंतीला घालतात तसं. मग नाही हलला. त्या पोरांत दोन कानडी घरची आहेत, त्यांच्याशी काय भाषेत बोलत होता कोण जाणे, पण भांडत होता मात्र व्यवस्थित.

आता मुख्य. दिवाळीला गावी गेला. पाडव्याला दोस्त आला, नेहमीसारखा, ओढ्यावर चल म्हणून. यानं दारातच त्याला सांगितलं, "शाळेला वळख देत न्हाईस न्हवं? मग हितंबी देऊ नको." बहीण आत दिवा लावत होती, तिनं ऐकलं. तो पोरगा काही न बोलता उभा राहिला आणि गेला. हा आत येऊन गोठ्यात जाऊन बसला. रडला असणार, डोळे लाल होते म्हणे. बहिणीनं विचारलं नाही, चहा दिला.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यानंच देऊन टाकलं.

रानजाई

तो दोस्त शाळेत आता कसा वागतो?

उद्यमबागवाला

तसाच. पूर्वी मान वळवायचा, आता हाही वळवतो. यापुढं काय होईल मला माहीत नाही, आणि मी विचारत नाही.

पीयूसीफर्स्ट

भारी बोलला पण तो. मला नववीत नसतं जमलं. किल्ल्याचा फोटो टाका ना!

साधीमाणसं

फोटो हवाच.

उद्यमबागवाला

फोटो टाकायला बंदी आहे. मी हे इथं लिहितोय हे त्याला कळलंय. माझ्या खांद्यावरून वाचत उभा होता. "मामा, तुला काम न्हाई काय?" म्हणाला. मग सगळे प्रतिसाद वाचले, चिक्कोडीकरांचा दोनदा, आणि ओत्तक्षरांचा कागद मीच लावायचा होता, तो अजून का लावला नाही म्हणून मलाच झापलं. तर आज संध्याकाळी ते करायचंय. नंतर काही लिहिलं तर त्याला विचारून लिहीन.